पंचवीस टक्क्यांतली शाळा

महापालिकेच्या शाळा क्रमांक एकोणतीसला यंदा चौकातल्या इंग्लिश मीडियम शाळेत गरिबांसाठी राखीव पंचवीस टक्क्यांतून पहिलीत प्रवेश मिळाला. सोडत रीतसर झाली. आमच्या पेठेतून बरेच अर्ज गेले होते, त्यात एक शाळेचा होता, आणि नंबर लागला तो शाळेचाच. बाकीच्यांच्या आईबापांनी दोन दिवस तोंड पाडलं, मग नशिबाला बोल लावून ते आपापल्या कामाला लागले.

माझं कपड्याचं दुकान शाळेच्या बरोबर समोर आहे. पतंगे ड्रेसेस. शाळेच्या मुलांचे गणवेश मी शिवतो, माझ्या आधी वडील शिवायचे. त्यामुळे या प्रकरणात मी पहिल्यापासून आहे, आणि जे सांगतोय ते दुकानात बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

शाळेचा अर्ज भरायची कल्पना चर्चेत निघाली. आमच्याकडे दर रविवारी समाजमंदिरात पालिकेच्या शाळा कशा सुधाराव्यात यावर जाहीर चर्चा होते. अध्यक्ष माजी नगरसेवक बलभीमअण्णा कारमपुरी. चर्चेचा दर्जा उत्तम असतो. एकजण म्हणतो शिक्षक शिकवत नाहीत. दुसरा म्हणतो त्यांना जनगणनेतून, मतदारयाद्यांतून सवड मिळाली तर शिकवतील ना. तिसरा फिनलंडमध्ये काय करतात ते सांगतो. तो फिनलंडला गेलेला नाही, पण त्याचा जावई जाणार होता. बोलणाऱ्यांपैकी कोणाचंच मूल पालिकेच्या शाळेत नसल्यामुळे चर्चा कधी वैयक्तिक पातळीवर उतरत नाही.

अण्णा शाळेला नेहमी 'आपली शाळा' म्हणतात. नुसतं 'शाळा' म्हणताना मी त्यांना कधी ऐकलेलं नाही.

तर एका रविवारी सगळ्यांचं एकमत झालं की खरं शिक्षण आता फक्त चौकातल्या मोठ्या शाळेतच मिळतं. आमच्याकडे एकमत सहसा होत नाही, त्यामुळे ते झाल्यावर पुढे काय करायचं हे कोणालाच कळेना. तेवढ्यात अण्णा उठले आणि म्हणाले, "मग आपल्या शाळेलाच तिथं घालू की! शिकंल, सुधारंल. तिनंच काय पाप केलंय?"

टाळ्यांच्या कडकडाटात ठराव मंजूर झाला. विरोध नाही म्हणायला एकीचा झाला. तिचं नाव राजेश्वरी गड्डम. टॉवेलच्या कारखान्यात कामाला जाते. तिच्या दोन मुली याच शाळेत आहेत, एक दुसरीत, एक चौथीत. सभेत शाळेत मूल असलेली ती एकटीच, म्हणून तिला शेवटी बोलू देतात.

"शाळा शाळेत गेल्यावर पोरींनी कुठं जायचं ओ अण्णा?" तिने विचारलं.

"शाळेतच जायचं. शाळा काय कुठं पळून चालली काय?"

"मला कामावर जाता जाता सोडता येतं म्हणून विचारते. दुसरी शाळा बायपासच्या पलीकडं हाय. तिथं ट्रकं थांबत न्हाईत."

अण्णांनी ही भावना समजू शकतो असं सांगितलं आणि चहा आला.

अर्ज भरताना एकच अडचण आली, वयाची. पहिलीला सहा वर्षं लागतात आणि शाळा तर माझ्या वडिलांच्या लहानपणची. पण अण्णांनी मार्ग काढला. शाळेला शेवटचा रंग दिला त्याला नेमकी सहा वर्षं झाली होती. इमारतीचं वय रंगापासून धरावं असं कार्यालयाने मान्य केलं. उत्पन्न काहीच नव्हतं, तेव्हा तो प्रश्न मिटला. पालकाच्या रकान्यात अण्णांनी 'समस्त नागरिक' असं लिहायला सांगितलं. संगणकाने ते नाव कसलीही कुरकूर न करता घेतलं.

गणवेशाचं माप मी घेतलं. मोठ्या शाळेचा नियम असा की गणवेश त्यांच्याच काउंटरवरून घ्यायचा. पण त्यांच्याकडे एवढा साइज नव्हता. मग खास बाब म्हणून मला परवानगी मिळाली. ब्लेझर शिवणं शक्य नव्हतं, ते मी आधीच सांगून टाकलं. शेवटी फाटकाला टाय, दर्शनी भिंतीवर खिसा आणि चहूबाजूंनी चौकटीच्या कापडाचा पट्टा, इतक्यावर ठरलं. पूर्वेच्या भिंतीला पोपडे आले होते, तिथे मी अस्तर जरा जाड लावलं. टाय बांधल्यावर शाळा लाजल्यासारखी दिसली. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. या शाळेत मी पाटी फोडलेली आहे.

जूनमध्ये मोठी शाळा उघडली. शाळा सकाळी सातला जोत्यावरून उतरली आणि निघाली. मुख्याध्यापिका सावळगीबाई आतच होत्या, मुलंही आत होती. बाईंनी चालत्या शाळेत हजेरी घेतली. चौकात वाहतूक पोलिसाने हात करून रिक्षा थांबवल्या. मागे उरलं सहा खोल्यांचं रिकामं जोतं आणि कडुलिंबाचं झाड. झाडाचा अर्ज कोणी भरला नव्हता.

मोठ्या शाळेत पहिली ब हा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. शाळा जिन्यात मावेना. तेव्हा तिला खाली मैदानात, स्केटिंगच्या जागेशेजारी बसवलं आणि वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवल्या. वरून बाई शिकवायच्या, खालून शाळा ऐकायची. आत सावळगीबाईंचं शिकवणं चालूच असे. त्यामुळे आमची मुलं एका कानाने बेचे पाढे आणि दुसऱ्या कानाने इंग्रजी गाणी ऐकायला लागली. दिवाळीपर्यंत राजेश्वरीची धाकटी दोन्ही भाषांत भांडू लागली होती.

मोठ्या शाळेतल्या काही पालकांनी तक्रार केली. प्रवेश एकीचा आणि शिकतायत ऐंशीजण, हा कोणता न्याय? तिथल्या प्रवेश विभागाच्या शेवडे मॅडम शांत बाई आहेत. त्यांनी उत्तर दिलं की आमच्या नोंदीत एकच विद्यार्थिनी आहे. विद्यार्थिनीच्या पोटात काय आहे याची चौकशी संस्था करत नाही. दुसरी तक्रार खिचडीच्या वासाची होती. साडेदहाला शाळेत पोषण आहार शिजायचा आणि वरच्या वर्गातली मुलं डब्यातला पास्ता टाकून खिडकीत यायची. यावर खिडक्या साडेदहा ते अकरा बंद ठेवण्याचा तोडगा निघाला.

सहामाहीला शाळेचं प्रगतीपुस्तक आलं. शिस्त उत्तम, स्वच्छता साधारण. लक्षपूर्वक ऐकते, पण हात वर करत नाही. रविवारच्या चर्चेत अण्णांनी ते वाचून दाखवलं तेव्हा लोक सद्गदित झाले. मराठीचे एक प्राध्यापक मात्र संतापले. मातृभाषेची शाळाच इंग्रजीत शिकायला गेली तर उद्या कोणाच्या तोंडाकडे पाहायचं, असं ते म्हणाले. फिनलंडवाल्यांनी सांगितलं की तिकडे शाळांना सातव्या वर्षापर्यंत शाळेत घालतच नाहीत. त्या दिवशी चर्चा फार रंगली.

राजेश्वरीने विचारलं, "आणि जोत्यावर गाड्या कशापायी लागल्यात?"

ते खरं होतं. सकाळी सात ते दुपारी दीड जोतं रिकामं राहायचं. आधी एक भेळवाला आला, मग दोन टेम्पो आले. दिवसाचा महत्त्वाचा भाग जागा वापराविना पडून राहते असं पालिकेच्या ध्यानात आलं आणि तिथे वाहनतळाचा फलक लागला. पावत्या फाडायला अण्णांचा पुतण्या बसला. मुलगा मनमिळाऊ आहे. सुरुवातीला दुपारी शाळा परत आली की तो गाड्या हलवून तिला जागा करून द्यायचा. पुढे गाड्या वाढल्या. मग शाळा रस्त्याच्या कडेला, माझ्या दुकानासमोर, एक चाक गटारावर ठेवल्यासारखी तिरकी उभी राहू लागली. तिच्यामुळे माझ्या दुकानात ऊन यायचं बंद झालं.

खरी पंचाईत जानेवारीत झाली. शिक्षण मंडळाने कळवलं की एकोणतीस नंबरचं नाव मोठ्या शाळेच्या पटावर विद्यार्थिनी म्हणून आहे. जी विद्यार्थिनी आहे ती शाळा असू शकत नाही. तेव्हा येत्या गुरुवारी पटपडताळणी होईल, तिच्यात या शाळेचा पट शून्य धरला जाईल. सावळगीबाई अतिरिक्त ठरतील. शुक्रवारपासून मुलांना शाळा क्रमांक चाळीसमध्ये सामावून घेतलं जाईल.

चाळीस नंबर म्हणजे बायपासच्या पलीकडची. तिथे पूल नाही, सिग्नल नाही. दुभाजकाला लोकांनीच पाडलेली एक फट आहे. मोठी माणसं तिथे जीव मुठीत धरून पळतात.

सावळगीबाई मंडळात जाऊन भांडल्या. उत्तर सरळ होतं. विद्यार्थिनीचं नाव मोठ्या शाळेतून कमी करून दाखला आणा, ती पुन्हा शाळा होईल. बाई धावत मोठ्या शाळेत गेल्या. शेवडे मॅडम म्हणाल्या, "दाखला पालकांच्याच हाती देतो आम्ही. तुम्ही तिच्या कर्मचारी आहात. पालकांना पाठवा."

"पालक समस्त नागरिक आहेत."

"मग समस्त नागरिकांना पाठवा. पण रांगेत एकालाच उभं करा, आणि त्याचं नाव सांगा. आमच्या संगणकात आता नाव लागतं."

बुधवारी तातडीची चर्चा बोलावली. समाजमंदिर भरलं होतं. अण्णांनी आपल्या शाळेवर आलेल्या संकटाची कल्पना दिली. राजेश्वरी कारखान्यातून तशीच आली होती, अंगाला सुताचं तूस चिकटलेलं. ती पहिल्यांदाच मध्ये बोलली.

"अण्णा, तुमी जावा. तुमीच आपली शाळा आपली शाळा म्हणता. पालक म्हणून सही करा, दाखला आणा. उद्या पडताळणी हाय."

अण्णांनी उपरण्याचं टोक पिळलं. मग म्हणाले, "राजेश्वरी, तुला राजकारण कळत न्हाई. मला दोन अपत्यं हायती. शाळा नावावर चढली की तिसरं झालं. तिसरं झालं की उमेदवारी बाद. पालिकेची निवडणूक तोंडावर आलीय."

सभेत कुजबूज झाली. हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. नियम नियम असतो, आणि दोन अपत्यांचा नियम आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. समोरच्या रांगेत बसलेल्या चौघांना निवडणूक लढवायची होती, चौघांनाही दोन दोन होती. प्राध्यापकांना एकच होतं, पण त्यांनी तत्त्वाचा प्रश्न काढला. जी शाळा इंग्रजी शिकली तिला ते आपलं म्हणणार नव्हते. फिनलंडवाल्यांनी पालक या संकल्पनेचीच फेरव्याख्या करायला हवी असं सुचवलं. त्यावर उपसमिती नेमण्यात आली.

मग काहीजण माझ्याकडे पाहू लागले. मी शिंपी माणूस, मला कुठली निवडणूक लढवायची आहे? पण अशी गोष्ट बायकोला विचारल्याशिवाय कशी करणार? मी खाली पाहिलं. खाली माझे पाय होते, दुसरं काही नव्हतं.

"मी होते पालक," राजेश्वरी म्हणाली.

अण्णा तिच्या काळजीने उठले. "अगं, तुला दोन हायती. तिसरं चढलं तर जन्मभर निवडणूक लढवता येणार न्हाई तुला."

"ऱ्हाऊ दे की," ती म्हणाली. "सकाळी कारखान्यात खाडा होईल तेवढं बघायला लागंल."

गुरुवारी सकाळी ती मोठ्या शाळेत गेली, साक्षीला मी गेलो. बायकोने मला रात्री चांगलंच फैलावर घेतलं होतं आणि सकाळी स्वतः घराबाहेर काढलं होतं. शेवडे मॅडमनी आम्हाला बसायला सांगितलं. खिडकीतून मैदानात बसलेली शाळा दिसत होती. टाय थोडा वाकडा झाला होता.

"पालकांचं नाव?" शेवडे मॅडमनी विचारलं.

"राजेश्वरी नरसय्या गड्डम."

"विद्यार्थिनीशी नातं?"

राजेश्वरी माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, "आई लिहा."

मॅडमनी आई लिहिलं. "पालकांचं शिक्षण?"

"चौथी पास."

"कोणत्या शाळेतून?"

"हिच्यातूनच," राजेश्वरी म्हणाली आणि खिडकीकडे बोट केलं.

मॅडमनी चष्म्यावरून खिडकीबाहेर पाहिलं, मग पुन्हा संगणकाकडे. "हिचं वय आमच्याकडे सहा आहे."

"रंगाचं वय हाय ते."

"चालेल. शाळा सोडण्याचं कारण सांगा. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

कारण राजेश्वरीकडे नव्हतं असं नाही, पण बायपास, जोतं, पट, शून्य हे एका रकान्यात मावणारं नव्हतं. तिने पदराला चिकटलेलं सूत काढलं, त्याची गोळी केली. मग म्हणाली, "घरी लहान भावंडं हायती. त्यांना सांभाळायला कोण न्हाई."

शेवडे मॅडमनी मान डोलावली. पंचवीस टक्क्यांतल्या मुली याच कारणाने शाळा सोडतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी ते टाइप केलं, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "वाईट वाटतं हो. हुशार होती. अजून चार वर्षं राहिली असती तर बोलायला लागली असती."

मी खाली जाऊन फाटकाचा टाय सोडला. राजेश्वरी पुढे निघाली, शाळा तिच्या मागोमाग निघाली. आत सावळगीबाई हजेरी घेत होत्या. चौकातल्या पोलिसाने पुन्हा रिक्षा थांबवल्या, या वेळी न सांगता.

जोत्यावर जागा नव्हती. तिथे एका लग्नाच्या गाड्या लागल्या होत्या. अण्णांचा पुतण्या म्हणाला, "मामी, दुपारनंतर बघतो, आत्ता पावत्या फाटल्यात." राजेश्वरीने त्याच्याशी वाद घातला नाही. तिने शाळेला आपल्या बोळात नेलं. तिच्या घरासमोर मोकळी जागा आहे, तिथे पूर्वी माग होते, आता बायका पापड वाळवतात. शाळा तिथे अंग चोरून बसली. बायकांनी पापड उचलून शाळेच्या पत्र्यावर घातले. तिथे ऊन चांगलं लागतं.

साडेअकराला पडताळणीचं पथक आलं. आधी ते जोत्यावर गेलं, तिथून माझ्या दुकानात, मग मी त्यांना बोळात घेऊन गेलो. त्यांनी दाखला पाहिला, मुलं मोजली, पट भरला. राजेश्वरीची थोरली पहिल्या बाकावर बसली होती. अधिकाऱ्याने तिला विचारलं, "बाळ, तू कोणत्या शाळेत आहेस?" तिने आजूबाजूला पाहिलं आणि "आमच्या" म्हणाली. अधिकाऱ्याने एकोणतीस असं लिहून घेतलं.

बायपासला कोणाला जावं लागलं नाही. राजेश्वरी कामावर जाताना आता मुलींना शाळेत सोडत नाही, फक्त दार ओढून घेते. जोत्यावरचा वाहनतळ पालिकेने कायम केला आहे. कडुलिंबाच्या सावलीत लागणाऱ्या गाड्यांना जादा दर आहे.

पुढच्या रविवारी चर्चेचा विषय होता, गरीब घरच्या मुलींची शाळा अर्धवट का सुटते. अण्णा पोटतिडकीने बोलले. एवढी हुशार मुलगी, एवढी नामांकित संस्था, सोडतीत नंबर लागलेला, आणि केवळ पालकांच्या अडाणीपणामुळे तिला घरकामाला जुंपलं. मी नाव घेत नाही, पण आपल्याच पेठेत हे घडलं, असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. निषेधाचा ठराव एकमताने झाला. राजेश्वरी त्या रविवारी आली नव्हती, शाळेच्या भिंतीला चुना लावत होती.

मार्चमध्ये शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण निघालं. दोन गुरुजी घरोघर फिरत राजेश्वरीच्या बोळात आले. मी तिथे उसवलेला खिसा शिवून द्यायला गेलो होतो. भिंतीवरचा खिसा मुलांना खडू ठेवायला आवडतो, म्हणून तो काढलेला नाही.

"गड्डम बाई," एक गुरुजी म्हणाले, "तुमच्या घरातली एक मुलगी पहिलीतून गळालेली दिसतेय. वय सहा. तिला शाळेत घालायला हवं, कायदा आहे. कुठे आहे ती?"

राजेश्वरी चुन्याचे हात पदराला पुसत पुढे आली. आतून सत्तावीसचा पाढा चालला होता, दुसरीतली मुलं मध्येच अडखळत होती आणि चौथीतली त्यांना पुढे नेत होती.

"हाय की," ती म्हणाली. "पण आत्ता भावंडांना घेऊन बसलीय. दीड वाजता या."

गुरुजींनी दाराच्या चौकटीवर खडूने 'शाळाबाह्य – एक' असं लिहिलं आणि ते पुढच्या घरी गेले.